बोटं गेली त्या दिवसाच्या भावाने

मागच्या महिन्यात गटाची बैठक उरकून परत येताना आम्ही एका मावशींच्या ओट्यावर जरा टेकलो. मावशींचं नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलं. २००९ साली त्या नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये कामाला जात. पत्र्याचे भाग दाबून काढायच्या प्रेसवर उभं राहायचं, महिन्याला ५,२०० रुपये मिळायचे. वय होतं चाळीस. एक दिवस प्रेस अवेळी खाली आली आणि उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

चहा झाल्यावर मावशींनी आतून बँकेचं पासबुक आणलं. भरपाईचे पैसे त्यांनी ठेव म्हणून ठेवलेत, त्याच्या व्याजाच्या नोंदी आम्हाला वाचायला लावल्या. मग म्हणाल्या, "लासलगावला कांद्याचा भाव रोज बदलतो. खुरपणीची मजुरी दरसाल बदलते. तेलाचा डबा तर विचारूच नका. मग माझ्या हाताचा भावच तेवढा २००९ ला का थांबला?"

आम्ही त्या वेळी उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन कायद्याची पुस्तकं काढली, माहीतगार लोकांना विचारलं. उत्तर शोधता शोधता शंभर वर्षं मागे जावं लागलं. आज तीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत कुणाचा हात पट्ट्यात सापडला, तर मालकाच्या मनात आलं तर चार रुपये मिळत. १८५५ चा एक कायदा होता, पण तो माणूस मेला तरच कामाचा. त्यासाठीही घरच्यांनी दिवाणी कोर्टात जाऊन मालकाची चूक सिद्ध करायची. गिरणी कामगाराच्या विधवेला ते कसं जमणार? परदेशात तोवर वारं फिरलं होतं. जर्मनीने १८८४ साली कामावरच्या अपघाताचा विमा सुरू केला. इंग्लंडने १८९७ साली कायदा केला की कामात दुखापत झाली तर चूक कुणाची हे न विचारता मालकाने भरपाई द्यायची.

आपल्याकडे तो कायदा आला १९२३ साली. लागू झाला १ जुलै १९२४ पासून. कामगार नुकसानभरपाई कायदा असं त्याचं नाव. ना. म. जोशी हे आपल्या कोकणातले, कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेव्हा दिल्लीच्या कायदेमंडळात बसत होते. कायदा मोठाच होता. मालकाची चूक सिद्ध करायची गरज उरली नाही. कामात, कामामुळे अपघात झाला एवढं पुरे.

पण रक्कम कशी ठरवली, तिथे नीट लक्ष द्या. कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यातलं जे कमी असेल ते. कायमचा पूर्ण निकामी झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे कायद्यात दोन मापं ठेवली. एक पगाराचं, जे कामगाराबरोबर वाढतं. दुसरं रुपयांचं, जे कागदावर लिहिलं की तिथेच राहतं. आणि देताना यातलं जे लहान ते द्यायचं. सुरुवातीला फारसं जाणवलं नसेल, कारण पगारच लहान होते. पण पगार वाढत जातात, तसं रुपयांचं माप लहान पडत जातं. मावशींच्या प्रश्नाचं बी इथेच पेरलं गेलं.

आता याच काळातली दुसरी गोष्ट. पहिल्या महायुद्धानंतर महागाई फार भडकली. गिरणी कामगार म्हणत, पगार पुरत नाही; मालक म्हणत, पुरतो. मग खरं काय ते मोजायचं कसं? मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कचेरी उघडली. तिथल्या लोकांनी कामगाराच्या घरात महिन्याला काय काय लागतं त्याची यादी केली. ज्वारी, तांदूळ, डाळ, गूळ, रॉकेल, कापड, खोलीचं भाडं. जुलै १९१४ ला या सगळ्याला जो खर्च येई, त्याला शंभर धरलं. मग दर महिन्याला तीच यादी घेऊन बाजारात भाव पाहायचे. तोच संसार चालवायला आता किती लागतात, हे त्या आकड्यावरून कळायला लागलं. यालाच आपण निर्देशांक म्हणतो. तुम्ही आठवडे बाजारातून आल्यावर पिशवी ओतून म्हणता ना, "मागच्या पोळ्याला याच सामानाला इतके लागले होते", तेच हे. फक्त सरकारी वहीत, दर महिन्याला.

दुसऱ्या महायुद्धात भाव पुन्हा चढले, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत महागाई भत्ता या निर्देशांकाला बांधला गेला. भाव चढले की भत्ता चढणार. आज सरकारी नोकरांचा महागाई भत्ता तसाच ठरतो. महाराष्ट्रातल्या किमान वेतनाचा विशेष भत्ताही दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, निर्देशांक पाहून बदलतो. आणि मैत्रिणींनो, सिमल्याचं केंद्र सरकारचं कामगार कार्यालय देशभरातल्या ज्या शहरांतले भाव गोळा करून कामगारांचा निर्देशांक काढतं, त्यात आपलं नाशिकही आहे. नाशिकच्या बाजारातली डाळ, साखर, भाडं त्या आकड्यात जातं.

म्हणजे बघा. हात गमावलेल्या कामगाराला पैसे देणारा कायदा १९२३ चा. संसाराचा खर्च मोजणारा तराजू १९२१ चा. दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेली ही भावंडं. तराजूने पगार मोजला, भत्ता मोजला. गेलेल्या हाताची भरपाई मात्र त्या तराजूत कधी टाकलीच नाही.

एकदा तसा प्रयत्न झाला, तोही सांगितला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात बी. पी. आदरकर या आपल्याच मराठी अर्थतज्ज्ञांना कामगारांच्या विम्याची योजना तयार करायला सांगितलं गेलं. १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यावरून १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीला योजना सुरू झाली. तुम्ही जिला ईएसआय म्हणता ती हीच. सातपूरला त्र्यंबक रस्त्यावर जे विम्याचं रुग्णालय आहे ते याच योजनेचं.

या योजनेने भरपाईची रीतच बदलली. एकरकमी पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही. कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर ठरावीक रक्कम द्यायची. आजचा हिशोब सांगतो. पूर्ण अपंगत्वाला रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के दर आहे. अर्धी कमाईची ताकद गेली असं वैद्यकीय मंडळाने ठरवलं, तर त्याच्या निम्मे. दिवसाला ५२० रुपये मिळवणाऱ्या बाईची चार बोटं गेली तर दिवसाला साधारण २३४ रुपये, म्हणजे महिन्याला सात हजारांच्या आसपास, हयात असेपर्यंत. आणि महत्त्वाचं म्हणजे महागाई पाहून विमा महामंडळ जुन्या लोकांच्या या रकमेतही वेळोवेळी वाढ करतं. कायद्याने त्यांना तसा अधिकार दिलाय, निधी परवडेल तेव्हा लाभ वाढवण्याचा. ही वाढ आपोआप होत नाही, महामंडळाने ठरवावी लागते. पण वीस वर्षांपूर्वी ज्याचा हात गेला, त्यालाही ती मिळते. आपल्या देशात अपघाताच्या भरपाईला महागाईची आठवण राहते ती बहुतेक इथेच.

मग मावशींना हे का नाही मिळालं? कारण त्यांच्या वर्कशॉपमध्ये दहाच्या आत माणसं होती. ईएसआय साधारणपणे दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना लागू होते, आणि पगार ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर. २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. लहान वर्कशॉप, वीटभट्टी, बांधकामावरची मजुरी, शेतातली मजुरी हे बहुतेक सगळं या योजनेबाहेर राहतं. तिथे राहिला तो १९२३ चाच कायदा. आता त्याची पुढची कहाणी ऐका.

पुढे बरीच वर्षं त्यात पगाराच्या टप्प्यांप्रमाणे रकमा लिहिलेल्या असत. महागाई वाढली की कधीतरी टप्पे बदलायचे. १९८४ साली रीत सुधारली. आता पगाराचा ठरावीक हिस्सा घ्यायचा आणि त्याला वयाप्रमाणे एका आकड्याने गुणायचं. तरुण असेल तर आकडा मोठा, कारण पुढे कमाईची वर्षं जास्त होती. वय चाळीस असेल तर हा आकडा १८४.१७. आज हिस्सा मृत्यूला ५० टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के आहे. कुठला अवयव गेला तर किती टक्के धरायचं, याची यादीही कायद्यात आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चारही बोटं ५०.

हे सगळं शहाणपणाचंच आहे. पण जुनं रुपयांचं माप मागच्या दाराने पुन्हा आत आलं. पगार कितीही असो, हिशोबाला ठरावीक रकमेपर्यंतच धरायचा. १९८४ ला ही मर्यादा १,००० रुपये. १९९५ ला २,०००. २००० सालच्या डिसेंबरात ४,०००. मग दहा वर्षं काहीच नाही. ३१ मे २०१० ला ८,०००. पुन्हा जवळपास दहा वर्षं काहीच नाही. ३ जानेवारी २०२० ला १५,०००.

आता पेन-कागद घ्या आणि आमच्याबरोबर मांडा. चाळीस वर्षांची बाई, पगार मर्यादेइतका किंवा त्याहून जास्त, उजव्या हाताची चार बोटं गेली. मर्यादेच्या ६० टक्के, गुणिले १८४.१७, त्याच्या निम्मे.

अपघात २००९ चा असेल, तर २,२१,००४ रुपये.

अपघात २०१९ चा असेल, तर ४,४२,००८ रुपये.

अपघात २०२१ चा असेल, तर ८,२८,७६५ रुपये.

हात तोच, वय तेच, बोटंही तेवढीच. १५,००० पगार घेणाऱ्या बाईचा हात २ जानेवारी २०२० ला गेला तर साडेचार लाखांच्या आत, आणि दोन दिवसांनी गेला तर सव्वाआठ लाखांच्या वर. दहा वर्षं तुंबलेलं पाणी एका दिवसात सोडलं, आणि ज्यांचा अपघात आधी झाला ते काठावरच कोरडे राहिले.

मावशींचा पगार ५,२०० होता. हिशोबाला धरला ४,०००. पूर्ण पगार धरला असता तर भरपाई २,८७,३०५ झाली असती. म्हणजे पहिल्याच दिवशी मर्यादेपायी ६६,००० च्या वर रुपये गेले. कमी झालेली ही रक्कम मग महागाईच्या तोंडी पडली.

तुम्ही म्हणाल, पुढे मर्यादा वाढली ना, मग जुन्या लोकांना फरक का नाही दिला? हा प्रश्न लोकांनी कोर्टातही नेला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी केरळ राज्य वीज मंडळाच्या खटल्यात सांगितलं की, अपघाताच्या दिवशी जो कायदा असेल त्याच दराने भरपाई. नंतर वाढलेला दर मागे लावता येणार नाही. २०२० साली आणखी एका निकालात तेच झालं. न्यायालयाचं म्हणणं कायद्याला धरून आहे. हक्क अपघाताच्या दिवशीच उभा राहतो, हे तत्त्व कामगाराच्या फायद्याचंही आहे. त्याच्याच जोरावर मालकाला पैसे देण्याची जबाबदारी त्या दिवसापासून लागते, उशीर केला तर व्याज लागतं. १९७५ साली एका सुताराच्या डाव्या हाताच्या खटल्यात न्यायालयाने हेच ठरवलं होतं. पण कायदा लिहिणाऱ्यांनी "रक्कम पुढे दर वर्षी तपासावी" असं कुठे लिहिलंच नाही, तर कोर्ट तरी ते कुठून आणणार? मावशींची बोटं गेली ती त्या दिवसाच्या भावाने, त्याचं कारण हेच.

व्याजाचा हिशोब आम्ही मावशींच्या ओट्यावरच केला. २,२१,००४ रुपयांवर ८ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १७,६८० रुपये, म्हणजे महिन्याला १,४७३. मावशी म्हणाल्या, तेव्हा त्यात दोघांचा किराणा बसायचा. आता मुद्दल तेवढंच आणि व्याजाचा दर उतरलाय. साडेसहा टक्के धरला तर महिन्याला जेमतेम १,२०० रुपये. आणि कामगारांच्या निर्देशांकाने पाहिलं तर २००९ च्या अखेरीपासून २०२४ च्या अखेरीपर्यंत भाव अडीच पटीच्या आसपास गेले. म्हणजे त्या वेळच्या १,४७३ रुपयांचं सामान आणायला आता साडेतीन हजार लागतात. हातात येतात बाराशे. मावशींनी पैसे उडवले नाहीत, पोरीच्या लग्नातही ठेव मोडली नाही. तरी ते विरघळले.

जगात दुसरीकडे काय करतात? जर्मनीत अशा पेन्शनी दर वर्षी १ जुलैला वाढतात, आणि वाढ पगारांच्या वाढीवरून ठरते. इंग्लंडमध्ये दर एप्रिलला वाढ होते, ती बाजारभावांवरून. दोन्हींत फरक आहे. भावांवरून वाढवलं तर काल जेवढं सामान यायचं तेवढंच आज येतं. पगारांवरून वाढवलं तर बरोबरच्या मैत्रिणी जशा पुढे जातात तशी तीही थोडी पुढे जाते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ साली आणि पुन्हा १९६४ साली करार केले. त्यात लिहिलंय की पगारांत किंवा राहणीखर्चात मोठा बदल झाला की दीर्घकाळ द्यायच्या अशा रकमा पुन्हा तपासल्या पाहिजेत. भारत त्या संघटनेचा पहिल्यापासूनचा सभासद. पण या दोन करारांना आपण मान्यता दिलेली नाही.

परदेश लांबचा वाटला तर घराजवळचं घ्या. पिकअपमधून द्राक्षबागेवर मजूर जातात, गाडी उलटते, बाई दगावते. तो रस्त्यावरचा अपघात, त्याची भरपाई वेगळ्या न्यायाधिकरणाकडे. तिथे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अंत्यविधीसारख्या काही ठरावीक रकमा लिहून दिल्या आणि सोबत लिहिलं की दर तीन वर्षांनी यात १० टक्के वाढ करावी. एक ओळ. म्हणजे लिहायचं मनात आलं तर लिहिता येतं.

रोजगार हमीचंही पाहा. त्या कायद्यातली मजुरी २०११ पासून शेतमजुरांच्या निर्देशांकाला बांधली गेली. महाराष्ट्रात २०२४-२५ ला ती दिवसाला २९७ रुपये होती, २०२५-२६ ला ३१२ झाली. पण त्याच २००५ च्या मूळ कायद्यात कामावर मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर द्यायची रक्कम आकड्यात लिहिली होती, २५,००० रुपये. मजुरी दर वर्षी पायऱ्या चढत गेली, अपघाताची रक्कम मात्र निर्देशांकाला बांधलेली नव्हती. एकाच कायद्याच्या पोटात दोन रीती.

आणि ज्यांना यातलं काहीच मिळत नाही, त्यांची शेवटची जागा म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० पासूनची. बऱ्याच जणींच्या खात्यात ते पैसे येतात. ६०० रुपये होते, २०१९ ला १,००० झाले, २०२३ ला १,५००. दिव्यांगांसाठी २०२५ ला २,५०० ठरले. वाढ झाली, त्याचा आनंदच आहे. पण तीही कुणी मोर्चा काढला, अधिवेशनात विषय निघाला, निवडणूक जवळ आली, की मग होते. मधली वर्षं बाई वाटच बघते.

मैत्रिणींनो, यात बाईमाणसाचा म्हणून वेगळा भागही आहे. भरपाई पगारावर ठरते. म्हणजे पुरुषाला ४०० आणि बाईला ३०० मजुरी असेल, तर तिच्या हाताची किंमतही तेवढीच कमी, आणि आयुष्यभरासाठी कमी. समान मोबदल्याचा कायदा १९७६ साली झाला, पण बांधावर तो पोचला का, हे तुम्हालाच माहीत. घरच्या शेतात, घरच्या गोठ्यात राबणाऱ्या बाईला तर मजुरीच नाही. कडबाकुट्टीत तिचा हात गेला तर कुठल्या पगाराला गुणायचं?

१९२३ च्या कायद्यात बाईसाठी एक तरतूद होती. तिची एकरकमी भरपाई मालकाने थेट तिच्या हातात द्यायची नाही, आयुक्तांकडे जमा करायची. आयुक्त ती तिच्या भल्यासाठी गुंतवून ठेवू शकत. हेतू चांगला होता, पैसे दीर-भावांनी ओढून नेऊ नयेत. पण बाईचा पैसा चोरांपासून सांभाळणाऱ्या कायद्याने महागाईपासून तो सांभाळायचा विचार केला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा आणि ईएसआयचा कायदा दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेलेत. रीत मात्र तीच ठेवली आहे. पगाराचा हिस्सा, वयाचा आकडा, आणि हिशोबाला किती पगार धरायचा ते केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवणार. २००९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी संसदेत जावं लागत नाही, ही सोय झाली. पण कधी ठरवायचं याची तारीख कुठे नाही. "ठरवू शकेल" असं लिहिलंय, "दर वर्षी ठरवावं" असं नाही. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर या एका शब्दाच्या फरकात आहे.

आता आपल्या हातात काय, ते सांगून थांबतो.

पहिलं, मजुरीचा पुरावा. हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, फोनवर आलेले पैसे, काहीही. गटाच्या वहीत एक पान ठेवा. कोण कुठे कामाला जाते, रोज किती मिळतात, मुकादम कोण. दर महिन्याला लिहा. अपघातानंतर मालक "ही तर चारच दिवस आली होती" म्हणतो, तेव्हा हे पान कामाला येतं.

दुसरं, मुदत. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. मालकाने एक महिन्यात भरपाई दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. ही अट कायद्यात बरीच वर्षं आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. दवाखान्याचा पहिला कागद जपा, त्यावर "कामावर असताना इजा" असं लिहून घ्या.

तिसरं, शेतातल्या बायकांसाठी. ट्रॅक्टर किंवा विजेवर, इंजिनावर चालणारं यंत्र घेऊन शेती होत असेल आणि तिथे तुम्ही मजुरीवर असाल, तर भरपाईच्या कायद्यात त्या कामाचं नाव आहे. मळणी यंत्रावर हात गेला तर "शेतात कुठला आलाय कायदा" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

चौथं, मागणी. ग्रामसभेत, आमदार-खासदारांच्या बैठकीत, महिला दिनाच्या निवेदनात एक ओळ घालू या. कामावरच्या इजेची पगारमर्यादा आणि अपंगत्वाची दरमहा रक्कम दर वर्षी निर्देशांकाप्रमाणे वाढवा, आणि ती वाढ जुन्या जखमींनाही द्या. पैसे कुठून आणायचे, असं विचारतील. विचारू दे. ईएसआयमध्ये मालक आणि कामगार दोघं दरमहा थोडं थोडं भरतात, त्यातूनच जुन्यांची रक्कम वाढते. रीत आपल्याच देशात चालू आहे, नवीन शोधायची नाही. लहान वर्कशॉपपर्यंत आणि बांधापर्यंत ती आणायची आहे.

ही हकीकत आम्ही मावशींना परत जाऊन सांगितली. त्या पासबुक मांडीवर घेऊन ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मला आता काही मिळायचं नाही?" आम्ही खरं तेच सांगितलं. आजच्या कायद्याने, नाही.

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग उठून आतून गटाची वही घेऊन आल्या. डाव्या हाताने लिहायला त्या आता शिकल्यात, अक्षर मोठं येतं. नवं पान उघडलं, वर आपल्या सुनेचं नाव घातलं. ती मुसळगावच्या वसाहतीत कंपनीत जाते. खाली लिहिलं रोजाचा पगार, आणि त्या दिवसाची तारीख.

येतो मैत्रिणींनो. पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्या गटाच्या वहीतलं ते पान भरलेलं असू द्या.